तीन बोटांचं तोंड

आजारालाही मान असावा लागतो. आमच्या पातुरात हार्टच्या पेशंटला भेटायला लोक गाडी करून अकोल्याला जातात आणि परत आल्यावर त्याला किती स्टेंट टाकले ते गावभर सांगतात. शुगरवाला लग्नाच्या मांडवात बिनसाखरेचा चहा मागतो तेव्हा त्याच्या आवाजात अधिकार असतो. गुडघेदुखीच्या बाईला रेणुकामातेच्या टेकडीच्या पायऱ्या माफ. ती खालूनच हात जोडते आणि देवीही समजून घेते. पण जबड्याचा सांधा दुखतो म्हटलं की समोरची बाई आधी आपल्या तोंडाकडे निरखून बघते. सूज नाही, ताप नाही, पट्टी नाही. मग विचारते, "मंग जेवता कशा?" आपण जेवतो हे कळलं की तिच्या लेखी विषय संपतो.

या दुखण्याची आणखी एक खोड आहे. त्याला विश्रांती हवी असते ती तोंडाची, आणि त्याची हकिकत सांगावी लागते तीही तोंडानंच. "नेमकं कुठं दुखून राह्यलं?" असं कोणी आपुलकीनं विचारलं की मी कानापुढं बोट ठेवून सांगायला लागते. सांगून होईपर्यंत कळ कानशिलापर्यंत चढलेली असते, आणि ऐकणारी म्हणते, "बोलता तर चांगल्या!"

बोलणं हा माझा धंदाच आहे. तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी पहिली-दुसरीला शिकवते. बाराखडी करणाऱ्यानं शिक्षकाच्या जबड्याचा विचार केलेला दिसत नाही. 'अ' कसाबसा निभावतो, पण त्याच्या पाठोपाठ लगेच 'आ' उभा. पोरांना 'आ' शिकवायचा तर आपण आधी मोठा आ करून दाखवावा लागतो, नाहीतर चाळीस तोंडांतून 'ऑ', 'ॲ' आणि नुसती हवा बाहेर पडते. आणि मी आ केला की उजव्या कानापुढं 'कट्' असा आवाज होतो. तो पहिल्या रांगेपर्यंत जातो. "मॅडम, तुमच्या तोंडात काय वाजलं?" मी काही सांगायच्या आत मागच्या एकानं निकाल दिला, "मॅडम फुटाणे खाऊन राह्यल्या." मधल्या सुट्टीपर्यंत ती बातमी मुख्याध्यापकांकडे पोचली होती.

कानाच्या भोकासमोर बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली जे हलतं तो हा सांधा. टेम्पोरोमँडिब्युलर जॉइंट हे त्याचं नाव, घरगुती नाव टीएमजे. मी घरी येऊन "मला टीएमजेचं निघालं" म्हटलं तेव्हा ह्यांना वाटलं शिक्षकांचं आणखी एखादं ट्रेनिंग निघालं, आणि ते म्हणाले, "निवासी आहे काय?" शरीरातले बाकीचे सांधे स्वतंत्र बाण्याचे, डावा गुडघा संपावर गेला तरी उजव्यावर लंगडता येतं. खालच्या जबड्याचं हाड मात्र एकच आणि त्याची दोन टोकं दोन कानांपुढं अडकवलेली, त्यामुळे एकीकडे बिनसलं की दुसऱ्या बाजूलाही त्याच्या तालावर चालावं लागतं. शिवाय हा सांधा नुसता फिरत नाही. तोंड थोडं उघडेपर्यंत जागच्या जागी फिरतो आणि त्यापुढे चक्क सरकतो; दार अर्धं उघडल्यावर बिजागरीच चौकट सोडून पुढं यावी, तसा. हाड आणि कवटी यांच्यामध्ये एक छोटी तंतुमय चकती असते. ती हाडाबरोबर पुढं-मागं जायला हवी. माझी चकती आधीच पुढं जाऊन बसलेली आहे. तोंड उघडताना हाड तिच्याखाली शिरतं तेव्हा मोठा कट्, मिटताना निसटतं तेव्हा बारीक कट्. नुसतं वाजत असेल आणि दुखत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये, असं डॉक्टर सांगतात. कितीतरी लोकांचे जबडे जन्मभर असे वाजत राहतात. माझा वाजतो, आणि दुखतोही.

दुखणं कानात असल्यासारखं वाटतं, म्हणून पहिल्यांदा अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी दोन्ही कानांत उजेड टाकून पाहिलं आणि कान अगदी निर्मळ असल्याचं सांगितलं. ह्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे हिले ऐकू येते बरोबर?" डॉक्टर म्हणाले, उत्तम ऐकू येतं. तेव्हापासून घरात मला "ऐकलं नाही" ही सबब उरलेली नाही. त्या तपासणीचा तेवढा एक निष्कर्ष निघाला.

कानवाल्यांकडे जाण्यात वावगं काही नव्हतं म्हणा. या आजाराचं आधुनिक बारसं कानाच्याच डॉक्टरनं केलेलं आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये अकरा रुग्णांच्या आधारावर एक निबंध लिहिला: कान दुखतो, कानात आवाज येतो, चक्कर येते आणि मूळ मात्र जबड्याच्या सांध्यात. मागच्या दाढा गेल्या की जबडा वर सरकतो आणि आसपासच्या नसांवर दाब पडतो, अशी त्यांची उपपत्ती. शरीररचनेच्या अभ्यासकांनी ती पुढं खोडून काढली. पण तोवर दाढांचं नाव निघालं होतं, त्यामुळे दातवाल्यांनी हा आजार आपल्याकडे ओढून घेतला, आणि तेव्हापासून पेशंट कानवाले आणि दातवाले यांच्यात येरझारा घालतो आहे. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीनं यावर जाडजूड अहवाल काढला आणि त्यातही हेच दुखणं मांडलं: वैद्यक एकीकडे, दंतवैद्यक दुसरीकडे, पेशंट मधल्या फटीत. अकोला-पातूर एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या मावशींनी हाच अहवाल कंडक्टर तिकीट फाडेपर्यंत दिला होता. "एक डाक्टर दुसऱ्याकडं धाडते, अन् दुसरा पयल्याकडं. आपण एसटीले पैसे देत राहाचे."

घरी सासूबाई आहेत. वय ऐंशीच्या पुढं, वर-खाली कवळी, सुपारी अजून स्वतःच्या हातानं अडकित्त्यानं कातरतात आणि कवळी काढून हिरड्यांवर घोळवतात. त्यांचं मत पहिल्या दिवसापासून ठाम आहे. "मायबाई, जाभाड दुखते म्हणून कोणी डाक्टरले पैसे देते काय? आमच्या टायमाले जाभाडाले दुखाले फुरसदच नव्हती." तरी त्यांनी रुईच्या पानाला तेल लावून, तव्यावर गरम करून माझ्या गालावर बांधलं. दुसऱ्या दिवशी ओव्याची पुरचुंडी आली, तिसऱ्या दिवशी गरम मिठाची. शेकानं बरं वाटतं, हे खरंच आहे. आवळून बसलेले स्नायू जरा सैल होतात. फक्त गालावर रुईचं पान बांधलेल्या बाईकडे दूधवाला फार वेळ बघत राहतो.

गल्लीतल्या काकांचं निदान वेगळं. "नस चढली, वहिनी." वऱ्हाडात माणसाच्या अंगात हाडं मोजकी आणि चढणाऱ्या नसा बेहिशेबी. ती उतरवणाराही असतोच. मान धरायची, हनुवटी पकडायची, आणि आपण 'नको' म्हणायच्या आत एक झटका. काकांनी त्याचं कर्तृत्व असं सांगितलं, की ऐकतानाच मी दोन्ही हात गालांवर घट्ट धरून बसले होते. आता निखळलेला जबडा हातानं बसवतात यात खोटं काही नाही. इजिप्तमधल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका पपायरसात त्याची रीत आहे: अंगठे तोंडात, बोटं हनुवटीखाली. ग्रीकांच्या हिप्पोक्रेटिसकडे तशीच आहे. आपल्या सुश्रुतानं आधी शेक द्यायला, मग सांधा जागी बसवायला आणि वरून पंचांगी नावाचा बंध बांधायला सांगितलं. आजही जांभई देता देता तोंड उघडंच राहिलेला कोणी अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात पोचला, तर डॉक्टर याच जातीचं काहीतरी करतील. पण माझा जबडा निखळलेला नाही. तो जागेवर आहे आणि तिथंच राहून दुखतो आहे. जागेवरच्या वस्तूला झटका दिला तर ती कुठं जाऊन बसेल, हे काकांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही शिक्षक लोक लय शंका काढता."

खाण्याचं सांगायला लागले तर सगळं वऱ्हाड जबड्याच्या विरुद्ध उभं आहे असं वाटेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येक घरी तिळाचा लाडू हातावर पडतो. पाक पक्का झाला तरच सुगरण, असा आमच्याकडे दंडक. गोड बोला म्हणायचं आणि ज्या अवयवानं बोलायचं तोच निकामी करणारी वस्तू हातावर ठेवायची, यातला विरोध कोणाला दिसत नाही. लाडू पदरात बांधून घरी नेला तर "इथं खा ना, घरी कायले नेता?" आणि इथं खावा तर पुढच्या घरी उखाणा घेता येत नाही.

रोडग्यांची मात्र गोष्टच वेगळी. ज्यांनी खाल्ले नसतील त्यांच्यासाठी सांगते. जाडसर दळलेली कणीक घट्ट मळायची, तिच्या चपट्या पोळ्या एकात एक गुंडाळून मूठभर गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या आरात पुरायचा. तासाभरानं राखेतून काढून कापडानं झटकायचा. वरचं कवच टणक आणि करपल्याच्या जवळ जाऊन थांबलेलं, आतून पदर सुटलेले, धुराचा वास. सोबत वांग्याची तिखटजाळ भाजी, वरण आणि तूप. रोडगे घरी करून घरीच खाण्याची चीज नव्हे. त्याला नवस लागतो, वावर लागतं, आंब्याचं झाड लागतं आणि निदान पन्नास माणसं लागतात. गेल्या हिवाळ्यात पातूरचा घाट ओलांडून मेडशीकडे एका नातेवाइकांच्या वावरात असा कार्यक्रम होता. न जाणं शक्य नव्हतं, आणि जाऊन न खाणं त्याहून अशक्य.

पंगत बसली. रोडगा हातानं फोडायचा आणि दातांनी चावायचा, हा मोठ्या माणसाचा रिवाज. चुरून, वरण-तुपात बुडवून, मऊ होईपर्यंत वाट बघणारा एकतर दूधपितं पोर असतो नाहीतर बुढा. मी चुरायला घेतला. वाढपी थांबला. "मॅडम, रोडगा कच्चा राह्यला काय?" नाही म्हटलं. "मंग खारा झाला?" नाही. "मंग चुरता काहून?" आता पंगतीत बसून सांध्यातल्या चकतीचं वर्णन कसं करणार? मी म्हटलं, जबडा दुखतो. बस्स! वांग्याची भाजी बाजूला राहिली आणि जबड्याची सभा सुरू झाली. एकाच्या साडूला असंच झालं होतं, त्याला बुलढाण्याकडच्या कोण्या महाराजांनी अंगारा दिला. एकीच्या नणंदेनं दाढ काढली, तरी राहिलं नाही, म्हणून दुसरी काढली. एकजण म्हणाला, हा दात-ओठ खाणाऱ्या माणसांचा आजार आहे, आणि त्यानं हे माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघून म्हटलं. शेवटी पलीकडून सासूबाईंनी हाक मारली. त्यांनी कवळी पदराच्या टोकाला बांधून ठेवली होती आणि ताटातल्या चुऱ्यावर तुपाची धार धरून बसल्या होत्या. "इकडं ये माह्याजवळ. त्यायले खाऊ दे दातानं." त्या दुपारी आम्ही दोघींनी जितका चुरा खाल्ला तितके रोडगे त्या सभेतल्या कोणालाही गेले नसतील.

यथावकाश दातांच्या डॉक्टरांचीही वेळ आली. तिथं एक परीक्षा असते. आपलीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायची. ती जात असतील तर तोंड पुरेसं उघडतं. मापानं चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. माझी अडीच गेली. अडीच बोटांचं दुःख घेऊन मी बाकावर बसले होते, तर शेजारी विशी-बाविशीचा एक मुलगा. डॉक्टरांनी त्याला बोटं घालायला सांगितली. त्याचं एक बोट गेलं, दुसरं अडलं. त्याचा सांधा ठणठणीत होता. गालाच्या आतली कातडी सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यानं ताठ, पांढरी झाली होती. सुपारीमुळे होणाऱ्या या रोगाला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, मुंबईच्या डॉ. जोशींनी १९५३ मध्ये त्याला हे नाव दिलं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली, पण खर्रा पन्नीत घोटून देणारा माणूस प्रत्येक चौकात बसलेलाच आहे. पुढं त्याच जागी कॅन्सर होऊ शकतो. तोंड कमी उघडतं म्हणून जबड्याचा सांधा समजून शेक देत बसणाऱ्यांनी आधी गालाच्या आत बघून घ्यावं. त्या पोरानं मला ओळखलं. माझ्याच वर्गात तो 'आ' शिकला होता. "नमस्कार मॅडम," म्हणाला, जेमतेम ओठ हलवून. मला काही विनोद सुचला नाही.

माझ्या बाबतीत एक्स-रे झाला. तो काढताना यंत्र आपल्या डोक्याभोवती संथपणे प्रदक्षिणा घालतं आणि आपण हनुवटी टेकवून देवासारखं उभं राहायचं. मग पर्याय पुढं आले. रात्री दात खात असाल तर दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी. अक्कलदाढ काढून बघू. दातांची ठेवण बदलू. कॅप बसवून चावा उंच करू. फारच झालं तर बोटॉक्सचं इंजेक्शन. बोटॉक्स म्हटल्यावर ह्यांनी माझ्याकडे निराळ्याच नजरेनं पाहिलं. नट्या घेतात ते इंजेक्शन जबड्यासाठी घेतलं तर चेहऱ्याला काही फुकट लाभ होईल का, हा हिशेब त्यात होता. ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. आयुष्यभर गिऱ्हाइकानं बियाण्याच्या पिशवीवर बोट ठेवून विचारलेला प्रश्न ते आता प्रत्येक डॉक्टरला विचारतात: "गॅरंटी काय?" दुकानाच्या डायरीत त्यांनी माझ्या उपचारांचं एक पान केलं. उपचार, खर्च, गॅरंटी, असे तीन रकाने. तिसरा रकाना पानभर कोरा राहिला.

पट्टी मात्र मी करून घेतली. रात्री दातांवर चढवायची, सकाळी काढून वाटीत पाण्यात ठेवायची. मोरीच्या फळीवर आता दोन वाट्या असतात, एकीत सासूबाईंची कवळी आणि दुसरीत माझी पट्टी. पहाटेच्या अंधारात सासूबाईंनी एकदा माझी पट्टी तोंडात घातली आणि म्हणाल्या, "रात्रीतून दात कोणी नेले?"

पातुरात आयुर्वेदाचं महाविद्यालय आहे, ही आमच्या गावची मोठी सोय. आमच्याकडे घसा बसला तरी लोक तिकडे जातात. तिथं या दुखण्याला नाव होतं: हनुग्रह. वातव्याधींमधलं हे जुनं प्रकरण. उपाय तेल, शेक, नाकात औषधी तेलाचे थेंब. वाग्भटानं जबडा अडकण्याची जी कारणं दिली आहेत त्यांत कोरडं-सुकं खाणं, मार लागणं आणि जीभ जोरात खरवडणं अशी आहेत. घरी येऊन हे सांगितल्यावर सासूबाईंनी मोरीतली माझी तांब्याची जीभ घासायची पट्टी उचलून थेट अडगळीच्या कोनाड्यात टाकली. "मी कवाची सांगून राह्यली." त्यांनी असं कधीच सांगितलेलं नव्हतं, पण वाग्भट त्यांच्या बाजूला असल्यावर मी काय बोलणार? आणि वैद्यांनीही तेच सांगितलं जे दातवाल्यांनी सांगितलं होतं: मऊ खा, शेक द्या, कमी बोला, जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरा.

एवढ्यात अमरावतीला बीडीएस करणारी माझी भाची सुट्टीत आली. ह्यांची डायरी पाहून तिला हसू फुटलं आणि तिनं मोबाइलवर एक लेख काढला. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका आंतरराष्ट्रीय समितीनं जुनाट जबडेदुखीसाठी सल्ला छापला आहे. दोनशेहून अधिक चाचण्या, पन्नासच्या वर उपचार, सगळे एका तागडीत घालून तोललेले. ह्यांनी लगेच पेन उघडलं. भाची वाचत गेली. प्लास्टिकची पट्टी: शक्यतो नको. बोटॉक्स: शक्यतो नको. सांध्यात सुया घालून तो धुऊन काढणं, ज्याची सुरुवात १९९१ मध्ये जेरुसलेमच्या डोरिट नित्झान यांनी केली आणि ज्यावर मी मनातून भिस्त ठेवून होते: नुसतं असो की आणखी कशाच्या जोडीनं, शक्यतो नको. लेझर, विजेचे झटके, कूर्चेच्या गोळ्या: शक्यतो नको. चावा कायमचा बदलणाऱ्या पट्ट्या आणि चकती कापून काढणं: बिलकूल नको. ह्यांनी पेन खाली ठेवलं. "मंग करायचं काय?"

करायच्या यादीत होतं ते असं: जबड्याचे व्यायाम, ताणणं, मान-पाठ सरळ ठेवणं, दुखऱ्या स्नायूंवर जाणत्या हातानं दाब देणं, आजार समजावून सांगून धीर देणं. आणि या सगळ्यांबरोबर कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञापुढं बसून आपल्या विचारांविषयी आणि सवयींविषयी बोलणं. जबडा दुखतो म्हणून जगभरातल्या तज्ज्ञांनी मला सांगितलं होतं की जा, कोणाजवळ तरी मोकळेपणानं बोल. सासूबाई म्हणाल्या, "अन् इतके दिवस सगळे म्हणून राह्यले, गप बस."

डॉक्टरी विद्या ही अशी काहीही न कापायच्या निष्कर्षाला सहजासहजी पोचत नाही. एडिंबरोच्या थॉमस अॅननडेल यांनी सरकलेली चकती शिवून जागेवर बसवल्याचं १८८७ मध्येच छापून आलं आहे. मग शंभर वर्षांत कापणं, काढणं, बदलणं सगळं झालं. १९८० च्या दशकात ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीनं टेफ्लॉनची कृत्रिम चकती बाजारात आणली आणि अमेरिकेत हजारो माणसांच्या जबड्यांत ती बसवली गेली. ती आत झिजून तिचे कण सांध्यात पसरले, त्यांच्याशी लढता लढता शरीरानं आजूबाजूचं हाडच खाल्लं. काहींची कवटी पातळ झाली. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि १९९१ मध्ये अमेरिकी सरकारच्या एफडीएनं त्या चकत्या परत बोलावल्या. ज्याच्या तोंडात ती बसली होती त्यानं परत कशी द्यायची? हे ऐकल्यापासून ह्यांनी 'ऑपरेशन' या ओळीवर डायरीत आडवी रेघ मारली आहे. सांधा जुळून बसला, गाठ आली, संधिवातानं हाड झिजलं, तर ऑपरेशनला पर्याय नसतो आणि त्यासाठी नागपूरला मेडिकल कॉलेजच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. माझं तसलं काही नाही.

तेव्हा मी फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे जाते. जिभेचं टोक टाळूला लावून तोंड उघडायचं. जीभ टाळू सोडेल तिथं थांबायचं. हनुवटीला बोट लावून हलक्या विरोधात उघडायचं. मान मागं. दुखऱ्या जागी दोन बोटं ठेवून गोल चोळायचं. फुकटात होणारे हे व्यायाम आहेत, त्यामुळे ह्यांना ते संशयास्पद वाटतात. पण सगळ्यात अवघड एक गोष्ट निघाली. ओठ मिटलेले, दात सुटे. दिवसाकाठी जेवण आणि गिळणं धरून दात एकमेकांना लागण्याचा एकूण वेळ अर्ध्या तासाच्या आतच असायला हवा. बाईंनी विचारलं, "आत्ता तुमचे दात कसे आहेत?" घट्ट. रिक्षात बसले तेव्हा घट्ट, पालकसभेत घट्ट, ऑनलाइन माहिती भरताना तर इतके, की सर्व्हर चालू होईपर्यंत कानशील थरथरायला लागतं. पोषण आहाराची माहिती, मतदार यादीची माहिती, काल भरलेली माहिती आज पुन्हा भरल्याची माहिती, आणि तोंडातून ब्र काढायची सोय नाही. दात-ओठ खाण्याचं बोलणारा तो रोडग्यांच्या पंगतीतला माणूस बरोबर होता, फक्त त्यानं चुकीच्या माणसाकडे पाहिलं.

यावर उपाय म्हणून बाईंनी लाल ठिपके चिकटवायला सांगितले. जिथं जिथं नजर जाते तिथं एक ठिपका. तो दिसला की जबडा सैल सोडायचा. ठिपके कुठून आणणार? मी टिकल्यांचं पाकीट घेतलं. फ्रिजवर टिकली, आरशावर टिकली, मोबाइलच्या मागे टिकली, ह्यांच्या मोटारसायकलच्या आरशावर टिकली. शेजारच्या काकूंनी दोन दिवस बघितलं आणि सासूबाईंना बाजूला घेऊन विचारलं, कोणी करणी-बिरणी केली काय. सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरनं देल्या." तेव्हापासून काकू माझ्या डॉक्टरचा पत्ता विचारताहेत.

शाळेत हजेरीपटावर एक, फळ्याच्या कोपऱ्यात एक. पोरांपासून काही लपत नाही. "मॅडम, फळ्यानं कुंकू काहून लावलं?" सांगून टाकलं: टिकली दिसली की आपण दात सोडायचे, जीभ वर, ओठ बंद, खांदे खाली. पोरांना खेळ मिळाला. ओठ बंद ठेवण्याचा भाग मात्र कोणाच्या लक्षात राहिला नाही. मी फळ्याकडे वळले की अख्खा वर्ग टिकलीकडे बघतो आणि हनुवट्या खाली सोडून बसतो.

परवा केंद्रप्रमुख आले. ते दारात उभे राहिले तेव्हा मी फळ्यावर तारीख लिहीत होते. पाठीमागं चाळीस पोरं जबडे सोडून, जिभा टाळूला लावून, टिकलीकडे डोळे लावून बसली होती. एकालाही त्यांच्याकडे बघायची फुरसत नव्हती. साहेब बराच वेळ उभे होते म्हणे. मग ऑफिसात जाऊन त्यांनी शेरेबहीत लिहिलं: "वर्गात शिस्त उत्तम. विद्यार्थी अत्यंत एकाग्र. परंतु तोंड उघडे ठेवण्याची सवय मोडण्यासाठी शिक्षिकेने विशेष प्रयत्न करावेत." खाली सही करताना त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं, फळ्याला टिकली कोणत्या उपक्रमात लावायची आहे, आमच्याकडे पत्र आलं नाही.